कळलावी घरात आणू नये

शाळेत आयुष्यभर मी मुलांना एक प्रश्न हमखास घातला: फरक स्पष्ट करा. मुलं पानाच्या मधोमध रेघ मारायची आणि डावीकडे जे लिहिलं त्याच्या बरोबर उलट उजवीकडे लिहून मोकळी व्हायची. वनस्पती हालचाल करत नाहीत. प्राणी हालचाल करतात. मी बरोबरची खूण करायचे आणि पुढची वही ओढायचे. आता निवांत बसले असताना कुणी मलाच तो प्रश्न घातला, एका बाजूला कळलावी आणि दुसऱ्या बाजूला लाजवंती माकड, तर माझी रेघ काही सरळ यायची नाही. माझ्या खोलीत ही दोघं एक दुपार शेजारी शेजारी राहिली होती.

सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. सिहोऱ्याच्या शाळेत मी विज्ञानाची बाई म्हणून लागले तेव्हा मला राहायला खोली मिळेना. लग्न न झालेली एकटी बाई, सोबत ना आई ना भाऊ. आई वारली होती. नागपूरला भावाच्या घरी माझ्यासाठी जागा होती, पण ती दिवाळीपुरती. गावातल्या बऱ्या घरांनी मला चहा दिला, पोहे दिले, 'पाहू, सांगू' म्हटलं, खोली दिली नाही. शेवटी तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून ढीवरांची घरं होती, तिथल्या एका म्हातारीनं दिली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी लांब दिलेली. ती मासे विकायची, आणि गावची सुईण होती.

"रहाचं असन तं रहा," ती म्हणाली. "मासोळीचा वास येते. तो काई मी काढून देऊ शकत नाई."

मी तिला मावशी म्हणू लागले. ती मला बाई म्हणायची आणि 'तुमी' म्हणायची. भिंत एकच होती. पलीकडून तिच्या चुलीतली लाकडं तडतडलेली ऐकू यायची, पण दोघींचं बोलणं मात्र 'पाणी आलं का' आणि 'दिवे गेले का' यापुढे जात नव्हतं. दिवसभर वर्गात घसा फोडायचा आणि संध्याकाळी कुलूप उघडलं की बोलणं संपलं. कधी कधी रविवार असा जायचा की सोमवारी हजेरी घेताना माझाच आवाज मला परका वाटायचा. ज्यांना एकटेपणात शांती मिळते त्यांचं मला कौतुक आहे. मला कधी मिळाली नाही.

पहिल्या श्रावणात मी पाळीवरून येत होते. बोरीच्या झुडपांमधून कळलावी फुलली होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. वेल अगदी नाजूक. प्रत्येक पानाच्या टोकाचा दोरा होतो आणि जे सापडेल ते तो गुंडाळून धरतो. फूल मान खाली घालून असतं, पाकळ्या मात्र उलट्या वळून वर उभ्या. बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल, कडा चुण्या पडलेल्या. फुंकर घातल्यावर चूल धरते ना, तसं ते झुडूप दिसत होतं. मी एक फूल तोडलं, औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्यात खोचलं आणि खिडकीत ठेवलं.

मावशी कंदील मागायला आली आणि दारातच थबकली.

"काहून आणलं वं तू हे घरात?"

तिनं मला 'तू' म्हटलेलं ते पहिल्यांदा.

"छान दिसतं म्हणून."

"कळलावी घरात आणत नाईत. घरात भांडन लागते."

"कुणाचं?"

"ज्याचं त्याचं. नवराबायकोचं. सासूसुनेचं."

"मावशी, टाळी एका हातानं वाजत नाही. इथं मी एकटी. भांडू कुणाशी, माठाशी?"

मग ती "तरी बी नाई," म्हणाली आणि बाटलीसकट फूल उचलून पाळीपलीकडे टाकून आली. बाटली मात्र धुऊन परत दिली.

मला राग आला. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. कुणीतरी हक्कानं माझ्या घरात शिरून माझ्यावर डाफरलं होतं. त्यानंतर ती मला 'तू'च म्हणत राहिली.

फूल घरात नको म्हणणारी मावशी त्याच वेलीचा कंद मात्र जपून वापरायची. बाळंतीण अडली की ती कंद उगाळून तिच्या तळपायांना लेप लावी. लेकरू बाहेर आलं की आधी लेप धुवायचा, मग बाकीचं सगळं. वेल मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तिला ऐकवलंही. "मले काय सांगतं," ती म्हणाली, "मी काय तिले खाऊ घालून राहिली का?" फारच अडलं तर ती स्वतः ओरडून बैलगाडी जुंपायला लावायची आणि बाईला तुमसरच्या दवाखान्यात रवाना करायची. आमचे त्यावर वाद व्हायचे, पण ते शाळेतल्यासारखे. त्यात भांडणाची मजा नव्हती.

कंद काढायला ती एकदा मला पाळीवर घेऊन गेली. कळलावीचा कंद नांगरासारखा असतो, दोन फाट्यांचा. मावशीनं खुरप्यानं माती बाजूला केली, एक फाटा मोडून घेतला आणि दुसरा होता तिथंच परत पुरला. वरून माती हातानं दाबली. मी सवयीनं पाय उचलला तर माझ्या घोट्यावर चापट बसली.

"अर्धं आपलं, अर्धं भुईचं," ती म्हणाली. तिच्या सासूनं तिला असंच शिकवलं होतं, त्यापलीकडे तिच्याकडे कारण नव्हतं. पण त्या उरलेल्या फाट्याच्या टोकाला पुढच्या वर्षीचा डोळा असतो. वेल तिथंच पुन्हा वर येते.

मात्र पाळ काही मावशीच्या एकटीची नव्हती. त्याच सुमारास पोती घेऊन जडीबुटीचे व्यापारी यायला लागले. धानाचे रोवणे आटोपून हात रिकामे असलेले लोक कुदळी घेऊन निघायचे आणि दोन्ही फाटे उपटून न्यायचे. दुसऱ्या वर्षी पाळीच्या त्या टोकाला फुलं दिसली नाहीत. मावशी रोज तिकडून आली की शिव्या देत यायची. शिव्या ऐकायला व्यापारी थोडाच थांबला होता!

धान घरात आल्यावर हिवाळ्यात आठवडी बाजाराला जोर येतो. त्या बाजारात एक तेलुगू माणूस भविष्य सांगायला आला. खांद्यावर काठी, काठीला टोपली, टोपलीत एक जनावर. मी भाजी घ्यायला गेले होते, गर्दी पाहून डोकावले. त्यानं देवांची चित्रं जमिनीवर मांडली होती. काठीवर बसवलेलं ते जनावर झोपेत असल्यासारखं एक हात हळूहळू पुढे करायचं आणि एका चित्रावर ठेवायचं. मग तो माणूस मोडक्या हिंदीत गिऱ्हाइकाचं नशीब सांगायचा.

खारीएवढा जीव. शेपूट नाही. काडीसारखे हातपाय, आणि तोंडावर डोळ्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच म्हणा ना. उन्हानं ते डोळे मिटमिटत होते. बघणारे हसत होते, पण मला हसू आलं नाही. हे रात्रीचं जनावर आहे एवढं मला कळत होतं. मध्यरात्री उठवून कुणी मला फळ्यापुढे उभं केलं असतं तर मीही असंच केलं असतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या माणसाला हुडहुडी भरली. शाळेच्या पडवीत तो घोंगडी पांघरून पडला होता. अंग चुलीसारखं तापलेलं. सरकारी जीप भंडाऱ्याला चालली होती, जीपवाल्यांनी त्याला दवाखान्यात न्यायचं कबूल केलं, टोपलीला मात्र नाही म्हणाले. हेडमास्तरांनी टोपलीचं झाकण उचलून आत पाहिलं आणि लगेच लावलं.

"बाई," ते म्हणाले, "हा तुमचा विषय."

जीपमध्ये बसवताना त्या माणसानं माझ्याकडे पाहून हात जोडले. "देवांगपिल्ली," तो म्हणाला. एवढं एकच. त्याच्या बोलीत त्या जनावराला तसं म्हणतात. आपल्या पुस्तकात मला लाजवंती हा शब्द सापडला. दक्षिणेकडच्या काटेरी जंगलात राहतं, झाडं तुटत चालल्यानं आणि औषधासाठी धरून नेल्यानं कमी होत चाललं आहे, असं दोन ओळींत लिहिलं होतं. भंडारा जिल्ह्यात ते मुळात नाहीच. म्हणजे माझ्या खोलीत जे आलं होतं त्याच्या जातीचं दुसरं कुणी आसपास नव्हतं.

मावशीनं टोपलीत पाहिलं आणि "भुताचं पिल्लू हाये हे, फेक," म्हणून मागे सरली. तेवढ्यात जनावरानं हात बाहेर काढून टोपलीचा काठ धरला. मावशी खाली वाकली. पाच बोटं, बोटांना चपटी नखं, तळहातावर रेघा. सुईण ती. जन्मभर तिनं असे हात सगळ्यांच्या आधी पाहिले होते.

"अवं माय," ती म्हणाली, "हे तं लेकरू हाये."

मग तिला आवरणं कठीण झालं. तिनं कोमट पाण्यात फडकं भिजवून त्याचं अंग पुसलं. त्याच्या पायाला बांधलेली सुतळी सोडली. उलटून पाहिलं, "पोरगा," असं जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून काळा दोरा आणून त्याच्या कमरेला करदोडा बांधला. गावातल्या प्रत्येक पोराला ती बांधायची तसाच, सात गाठींचा. गालावर काजळाची तीट लावायची राहिली होती, तीही लावली. काळ्या वर्तुळांतले ते डोळे, त्याखाली आणखी एक काळा ठिपका. मी पोट धरून हसले. त्याआधी त्या खोलीत मी मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नाही, ते पहिलंच असेल.

दिवसभर तो टोपलीत डोकं पोटात घालून बसलेला असायचा. दिवेलागणीला जागा व्हायचा आणि खुंटीवरून दांडीवर, दांडीवरून खिडकीच्या गजावर निघायचा. त्याची चाल इतकी हळू की चाललाय हे लक्षातच यायचं नाही. एक हात सोडायचा, विचार करायचा, मग दुसरीकडे धरायचा. मध्येच माझं भांडं वाजलं की जिथं असेल तिथं गोठून जायचा. हातापायांना स्वतःचंच मूत चोळायची त्याला घाण सवय होती आणि मासळीच्या वासात त्या वासाची भर पडली. सातवीचा वर्ग काड्यापेट्यांत नाकतोडे भरून आणायचा. तो ते डोक्याकडून खायला सुरुवात करायचा, डोळे घट्ट मिटून. वह्या तपासता तपासता मी त्याच्याशी बोलायला लागले. कोण किती मठ्ठ आहे ते सगळं त्याला माहीत झालं.

खिडकीच्या गजावर बसून तो रोज शीळ घालायचा. बारीक, एकच सूर. मग थांबायचा. कान पुढे करून ऐकायचा. पुन्हा एकदा. मग तासभर काही नाही. एकदा मी ओठांचा चंबू करून तशीच शीळ घातली. त्यानं मान वळवून माझ्याकडे सावकाश पाहिलं आणि माझ्याकडे पाठ केली. माझी नक्कल त्याला पटली नाही.

मी तेव्हाच मनात त्याची आणि पाळीवरच्या वेलीची तुलना करायला लागले होते. मास्तरकीची खोड, दुसरं काय. पुस्तकात वनस्पती हलत नाही. पण कळलावीचा दोरा सकाळी हवेत लोंबकळत असतो आणि संध्याकाळी त्यानं काटकी धरलेली असते. पुस्तकात प्राणी हलतो, आणि माझा प्राणी दिवसचे दिवस मुठी आवळून बसायचा. दोघंही धरून धरूनच वर चढतात. कळलावी पावसाळा संपला की पार मातीत जाते, आठ महिने कुणाला सापडत नाही. तो उजेड असेपर्यंत कुणाला सापडत नाही. आणि दोघांवर आलेलं संकट एकच. त्यांच्यात औषध आहे असं माणसाला वाटतं. वेलीच्या कंदाचं मी सांगितलंच. याच्या डोळ्यांतल्या पाण्याचं काजळ केलं तर गेलेला नवरा परत येतो, असं कुठून तरी गावात पसरलं. एक बाई पदराखाली डबी घेऊन आली. डोळ्यांतून पाणी काढायचं म्हणजे त्याला काय करावं लागतं, हे मी तिला विचारलं. मावशीनं तिला झाडू दाखवला.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली होती. कळलावीच्या फुलात बी धरणारा दांडा असतो, तो आपल्याच परागांपासून बाजूला मान वळवून उभा असतो. त्याला दुसऱ्या फुलाचा पराग हवा असतो. पाळीवर खूप वेली होत्या तेव्हा शेंगा धरायच्या. आता एखादी उरली तर ती फुलायची, मान वळवून वाट बघायची आणि गळायची. हे मी वर्गात शिकवलं. संध्याकाळी गजावरून शीळ आली तेव्हा मात्र मला वहीत लक्ष घालता येईना.

उन्हाळा गेला. भंडाऱ्याहून निरोप नाही, काही नाही. तो माणूस गेला असावा असं गाव धरून चाललं आणि मीही. खरं सांगते, मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. टोपली माझी झाली होती. रात्री जाग आली तरी दांडीवर कुणीतरी जागं आहे हे मला ठाऊक असायचं, आणि त्या वर्षी मी दिवाळीला भावाकडे जायचं नाही असं श्रावणातच ठरवून टाकलं.

त्याच श्रावणात पाळीवर एकच वेल फुलली, मावशीनं पुरलेल्या फाट्याची. मी त्यातलं एक फूल मुद्दाम आणलं. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. तीच बाटली, तीच खिडकी. मावशी बाजारला गेलेली. ती आल्यावर काय काय बोलेल याची मी जवळजवळ वाट पाहत होते.

दार वाजवलं ते तिनं नाही. दारात तो तेलुगू माणूस उभा होता. पावसात भिजलेला, अर्धा उरलेला, गालफडं बसलेली.

"बाई," तो म्हणाला, "मेरा बच्चा."

मी दारातून बाजूला झाले नाही. "इतके महिने कुठं होतात तुम्ही?"

दवाखान्यात होता, म्हणाला. मग गावी गेला. तापात त्यानं आपल्या देवीला बोलून ठेवलं होतं की वाचलो तर याला जिथून उचललं तिथं नेऊन सोडेन. आता हा धंदा बंद.

"नवस!" मी म्हटलं. "काठी खांद्यावर आहे अजून. चित्रांची पिशवी पण आहे. बाजारात बसवून उपाशी मारायचं आणि नवस सांगायचा?"

माझा आवाज चढला होता. शाळेत चढतो तसा नाही, घरात चढतो तसा. मी म्हटलं, याचे डोळे विकशील. मी म्हटलं, मी फॉरेस्टच्या साहेबांना बोलावीन. तोंडाला येईल ते म्हटलं. तो खाली बघून ऐकत राहिला, मग एकदम त्यालाही राग आला.

"दो थे," तो म्हणाला. "जोड़ी थी. मादी नागपूर में मर गई. तब से ये सीटी मारता है. आपने सुना नहीं?"

मी ऐकलं होतं. रोज ऐकलं होतं. कुणाला उद्देशून नाही असं मी धरून बसले होते.

"यहाँ किसके वास्ते रहेगा?" तो ओरडला. "आपके वास्ते?"

"हो, माझ्यासाठी," मी ओरडले. "त्यात काय बिघडलं?"

एव्हाना मावशी टोपलं डोक्यावर घेऊन अंगणात येऊन ठेपली होती. तिनं त्याला पाहिलं, मला पाहिलं, खिडकीतलं फूल पाहिलं. "सांगतलं होतं का नाई तुले?" ती म्हणाली आणि टोपलं आपटलं. पण ती माझ्या बाजूनंच उभी राहिली. लेकरू द्यायचं नाही, अशी आम्हा दोघींची एकी झाली.

मग त्या माणसानं विचारलं, निदान बघू तरी द्या. त्याला मी नाही म्हणू शकले नाही. त्यानं झाकण उचलून आपल्या बोलीत काहीतरी म्हटलं. जनावर डोकं वर काढून त्याच्या मनगटावर चढलं, त्याच त्या सावकाश चालीनं. त्यानं त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि ते कमरेशी अडलं. काळा दोरा. माणसाचा चेहरा पडला.

"ये क्या है?"

"करदोडा हाये," मावशी ठसक्यात म्हणाली. "पोरगा हाये ना तो."

"निकालो इसको. जल्दी निकालो." तो खरंच घाबरला होता. "हमारे उधर सब काँटे का झाड़ है. ये काँटे में अटकेगा. ये उलटा लटकेगा और मर जाएगा, बाई."

ज्याला जनावर बाजारात बसवायचं असतं तो कमरेचा दोरा सोडायला सांगत नाही. त्याला आयता दोरा मिळाला असता. काट्याची भीती त्यालाच, ज्याच्या डोळ्यापुढे ते जनावर काट्यांत फिरत असतं. मी मावशीकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं.

"सोड तू," मी तिला म्हटलं. "तूच बांधलास."

"गाठी सुटत नाईत. कापा लागते." ती मागे सरली. "मी नाई कापत. जित्या लेकराचा करदोडा कोनी कापत नाई. तो मेल्यावर कापतेत."

शाळेची विच्छेदनाची पेटी माझ्याकडेच असायची. त्यातली कात्री मी काढली. त्या कात्रीनं आजवर मेलेले बेडूक सोडून काही कापलं नव्हतं. मावशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्या माणसानं जनावर धरलं, मी दोन केसांइतकी फट शोधली आणि दोरा कापला. कात्री हललेली कळताच जनावरानं माझं बोट धरलं. ते त्यानं सोडलं नाही. माणसाला एकेक बोट उचलून काढावं लागलं, चार झाली आणि पाचवं काढेपर्यंत पहिलं परत बसलं.

टोपली घेऊन तो पाळीवरून तुमसरच्या एसटीकडे गेला. मी त्याला 'पत्र टाका' म्हटलं नाही, त्याला लिहिता येत नसावं. म्हणायला हवं होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मावशीनं कापलेला करदोडा उचलला. तो असाच टाकायचा नसतो म्हणाली आणि तलावात सोडून आली. परत आल्यावर म्हणाली, "कळलावीचं बरं हाये. अर्धं ठेवलं तरी जगते. याचं अर्धं नाई ठेवता येत." मग तिची नजर खिडकीकडे गेली.

"फेक ते आधी!"

"नाही फेकत."

"तुया फुलानं भांडन आनलं घरात. लेकरू गेलं."

"फुलानं नाही आणलं. तो आला म्हणून गेलं."

"तो काहून आला मग आजच?"

मी आणखी जोरात बोलले. दिवेलागण होईपर्यंत आम्ही दोघी कचाकचा भांडलो. मासळीवरून, वासावरून, लेप लावण्यावरून, तिच्या कोंबड्यांवरून, माझ्या रेडिओवरून. शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. मग ती रडायला लागली आणि मीही. तिनं माझ्यासाठी भात टाकला. गजावरून त्या संध्याकाळी शीळ आली नाही आणि आम्ही दोघी तिकडे बघायचं टाळत जेवलो.

त्यानंतर दर श्रावणात मी फूल घरात आणायचे आणि ती भांडायला यायची. काही वर्षं हे चाललं. पाळीवरची ती शेवटची वेलही कुदळीखाली जाईल म्हणून तिनं कंदाचा एक फाटा उचलून आपल्या परसात, कुंपणाच्या काट्यांत लावला. तिथं ती दरवर्षी फुलायची. शेंग धरायची नाही. मावशीचं वय होत गेलं, भांडणाचा जोर कमी झाला, पण दारात उभं राहून 'काहून आणलं वं' म्हणायचं तिनं सोडलं नाही. मी वाक्यं आधीच जुळवून ठेवायचे. तो माणूस परत आला नाही. काटेरी झाडीत ते जनावर सुटलं असेल, त्याला त्याच्या शिळेला उत्तर मिळालं असेल, असं मी धरून चालते. करदोडा नाही एवढं तरी मला नक्की माहीत आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला एका उन्हाळ्यात मावशी गेली. दोन दिवसांचा ताप, बस्स. त्याच सुट्टीत माझी पवनीला बदली झाली. निघायच्या आधी मी परसातली माती हातानं बाजूला केली, कंदाचा एक फाटा मोडून घेतला आणि दुसरा परत पुरला. माती हातानंच दाबली.

पवनीला माझी खोली चांगली होती, वैनगंगा जवळ होती, मासळीचा वास नव्हता. तुटक्या बादलीत लावलेली वेल श्रावणात फुलली. पहिलं फूल मी तोडलं, तीच जुनी बाटली धुतली, पाणी भरलं आणि ते खिडकीत ठेवलं. मग दार उघडं टाकून बसले.

संध्याकाळी शेजारची बाई वाटीभर साखर मागायला आली. तरुण होती, शहरातून आलेली. दारातच थांबली आणि खिडकीकडे पाहत राहिली.

"अय्या, किती सुंदर फूल आहे हो!" ती म्हणाली. "मला पण एक द्याल?"

मी तिला साखर दिली आणि एक फूलही दिलं. बाटलीतलं फूल कोमेजेपर्यंत तिथंच होतं. कुणी भांडायला आलं नाही.